नागपूरचा नंबर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका गुरुवारी सकाळी माझी आत्या न्हाणीघराच्या दारात पाय घसरून पडली. वय वर्षे ब्याऐंशी, पुण्यात एकटीच राहते. खुब्याचे हाड मोडले. हातातला मोबाइल तिच्या आधीच फरशीवर आपटला होता. शेजाऱ्यांनी मला कळवले, मी धावत गेलो, तिला रुग्णालयात दाखल केले आणि शुक्रवारी शस्त्रक्रियाही झाली. गुंगी थोडी उतरल्यावर तिने पहिली चौकशी केली ती पायाची नव्हे. म्हणाली, "अरे, रविवारी नऊ वाजता नागपूरचा फोन येईल. मी उचलला नाही तर ती घाबरेल. तिला आधीच कळवून टाक."

'नागपूर' म्हणजे आत्याची मैत्रीण. वय चौऱ्याऐंशी, तीही एकटीच. दोघींचा एक करार आहे. दर रविवारी सकाळी नऊला फोन. एका रविवारी पुण्याने करायचा, पुढच्या रविवारी नागपूरने. ठरल्या वेळी फोन झाला नाही, तर दुसरीला काहीतरी झाले असे समजून हालचाल करायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी आपसांत केलेला हा विमाच म्हणायचा.

मी आत्याचा मोबाइल हातात घेतला. काचेवर कोळ्याचे जाळे पसरावे तशा रेघा आणि आत मिट्ट काळोख. पण फोन जिवंत होता. कोणी फोन केला की वाजत होता. पहाटे साडेपाचला त्याने नेमाने गजरही केला. बोट लावले तर मात्र काहीच होत नव्हते.

"आत्या, नागपूरचा नंबर सांग."

"तो पाठ कुठे आहे मला? मोबाइलमध्येच आहे ना."

हे ऐकून मी क्षणभर गप्प झालो. कारण ही बाई अडतीस वर्षे टेलिफोन ऑपरेटर होती. लोकांचे नंबर लक्षात ठेवणे हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. त्या बाईला आता स्वतःच्या मैत्रिणीचा नंबर येत नव्हता. आणि मला तरी कुठे कोणाचा येतो? नंबर माणसाच्या डोक्यातून निघून या काचेमागे कसा जाऊन बसला, ते पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. दोनच वर्षांनी, १८७८ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या न्यू हेवन या गावात टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. २१ फेब्रुवारीला तिथल्या ग्राहकांची यादी छापण्यात आली. ती जगातली पहिली टेलिफोन डिरेक्टरी मानतात. पुठ्ठ्याचे एकच पान आणि त्यावर पन्नास नोंदी. त्यात डॉक्टर होते, दुकाने होती, पोलीसही होते. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे नंबर! नंबरची गरजच नव्हती. फोन उचलायचा, एक्स्चेंजमधल्या माणसाला नाव सांगायचे, तो जोडून देई. कोणाची तार कुठल्या भोकात, हे त्याला तोंडपाठ असे.

नंबर आला तो गोवराच्या साथीमुळे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल या गावी १८७९ साली गोवराची साथ आली. गावात टेलिफोनचे दोनशेहून अधिक ग्राहक आणि ऑपरेटर फक्त चार. मोझेस ग्रीली पार्कर नावाच्या तिथल्या डॉक्टरांना काळजी वाटली की हे चौघेही एकदम आजारी पडले तर? नव्या माणसांना इतकी नावे आणि त्यांच्या जागा पाठ व्हायला किती दिवस जातील? त्यांनी सुचवले की प्रत्येक ग्राहकाला एक क्रमांक द्या. म्हणजे पाठांतर असलेली माणसे अंथरुणाला खिळली तरी गावाचे अडू नये, या भीतीतून टेलिफोन नंबर जन्माला आला. आमच्या घरी त्या शुक्रवारी नेमकी उलटी स्थिती होती. नंबर होता, तो ठेवलेले यंत्रच अंथरुणाला खिळले होते.

आपल्याकडे टेलिफोन यायला फार वेळ लागला नाही. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्याचे एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा तिथे ९३ ग्राहक होते. त्याच वर्षी मुंबईतही एक्स्चेंज सुरू झाले. पुढे अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या माणसाने ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या यंत्राचे पेटंट १८९१ साली घेतले. हा गृहस्थ अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा व्यवसाय करीत असे. गावातली ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता आणि त्या रागातून हा शोध लागला, असे सांगतात. खरेखोटे असो. आपल्या देशातले पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसले. ते होते ७०० लाइनींचे.

गावातल्या गावात फोन असा आपोआप लागू लागला, तरी परगावचा फोन पुढे कित्येक वर्षे माणसाच्या हातूनच जाई. त्याला आपण ट्रंक कॉल म्हणत असू. माझी आत्या १९६३ साली पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागली, ती याच कामावर. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा आणि भोकांचा उभा बोर्ड, हातात दोरीची पिन. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार. तीन मिनिटे झाली की मध्येच "थ्री मिनिट्स" असे सांगायचे. नागपूरची लाइन मागायची झाली की ती म्हणे, "हॅलो, नागपूर?" पलीकडून तितक्याच तरुण आवाजात उत्तर येई, "बोल, पुणे." रात्रपाळीला लाइन मोकळी असली की दोन वाक्ये जास्तीची होत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आत्या पाळीवर होती. थोड्याच वेळात बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागले, असे ती अजून सांगते. त्या गर्दीत नागपूरने एकच प्रश्न विचारला, "पुणे, तू ठीक आहेस ना?" तेव्हा दोघींनी एकमेकींचे तोंडही पाहिलेले नव्हते. मैत्री जमली ती तारेवरूनच. पुढे भेटीगाठी झाल्या, लग्नकार्यांना जाणे-येणे झाले, पण हाक तीच राहिली. एक पुणे, दुसरी नागपूर.

त्या काळी आत्याला किती नंबर पाठ होते, याची गणती नाही. मोठी दुकाने, दवाखाने, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, मिलिटरीची ऑफिसे. लोक नाव सांगत आणि ही डिरेक्टरी न उघडता नंबर लावून देई. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एक गाजलेला निबंध लिहिला. माणसाला एका दमात सात, फार तर दोन कमी-जास्त, इतक्याच गोष्टी ध्यानात धरता येतात, असे त्यांनी मांडले. आत्याला हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "एका दमात धरायचेच कशाला? रोज बोटांनी फिरवला की बसतो तो." पाठांतराचे रहस्य त्या 'रोज'मध्ये आहे.

२५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्यात देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली होती. ती हळूहळू पसरली आणि ट्रंक कॉलची सद्दी संपली. आता नंबर लक्षात ठेवण्याचे काम ऑपरेटरकडून तुमच्या-आमच्याकडे आले. आपण ते केले कसे, आठवून पाहा. टेलिफोनशेजारी दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आणि एक कडेला कातरलेली, अ-आ-इ-ई अशी पाने दिसणारी डायरी. घाईत भिंतीवर लिहिलेले चार आकडे, ते रंग देताना कोणी पुसू नयेत म्हणून केलेला आरडाओरडा. आणि ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांच्यासाठी पी. पी. नंबर! आमच्या वाड्यात मालकांकडे एकच फोन होता. आमच्या बिऱ्हाडाच्या पत्रिकांवर, अर्जांवर त्याच फोनचा सहा आकडी नंबर पी. पी. म्हणून छापलेला असे. मालकीणबाई जिन्यातून हाक मारत आणि आम्ही ताटावरून उठून धावत असू. तो नंबर वाड्यातल्या पोरासोरांनाही पाठ होता. वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तो नंबर मला मात्र झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. या नंबराला पुढे या गोष्टीत काम आहे, म्हणून एवढे सांगितले.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. देशातला तो पहिला मोबाइल कॉल. त्याच्या चार वर्षे आधी, १९९१ मध्ये, जर्मनीतल्या म्युनिकच्या एका कंपनीने फिनलंडच्या टेलिफोन कंपनीसाठी पहिली सिमकार्डे तयार केली होती. सिमकार्डाचे मुख्य काम ग्राहकाची ओळख पटवणे. पण त्यातच नाव आणि नंबर लिहायला थोडी जागा ठेवलेली असे. साधारण अडीचशे नोंदी मावत आणि एका नावाला मोजकीच अक्षरे मिळत. म्हणून तर आपल्या सिममधले 'सुभाष इलेक्ट्रिशियन' हे 'सुभाष इलेक्' एवढ्यावर थांबत. तरीही ती एक सोय मोठी होती. हँडसेट बिघडला तर सिम काढायचे, दुसऱ्यात घालायचे, सगळी माणसे तिथे हजर.

पुढे मोबाइल हुशार झाले. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. नावापुढे फोटो, पत्ता, दोन-तीन नंबर, वाढदिवस असे सगळे ठेवता येऊ लागले. सिममधल्या चिमुकल्या जागेत ते मावणारे नव्हते. त्यामुळे नावे तीन ठिकाणी विखुरली. काही जुन्या सिममध्ये, काही फोनच्या पोटात, तर काही इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात, म्हणजे दूर कुठल्यातरी संगणकावर. फोनच्या पडद्यावर मात्र ती सगळी एकाच यादीत दिसतात. कोण कुठे उतरले आहे, हे आपल्याला कधी पाहावेच लागत नाही. ते पाहण्याची वेळ पडदा फुटल्यावर येते.

खरे तर मला हा धडा एकदा मिळाला होता. २६ जुलै २००५ रोजी मी कामासाठी मुंबईत होतो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी कमरेएवढ्या पाण्यातून चालत संध्याकाळी एका पीसीओपर्यंत पोचलो. मोबाइलची बॅटरी संपली होती. पीसीओवाल्याचा फोन चमत्कार व्हावा तसा चालू होता आणि बाहेर तीस-चाळीस माणसांची रांग होती. माझा नंबर लागला, रिसीव्हर हातात आला आणि लक्षात आले की ज्या मित्राकडे मी उतरलो होतो, त्याचा नंबर मला येत नाही. पुण्याच्या घरचा नंबर तेवढा आठवला, म्हणून बायकोला कळवता तरी आले. माझ्या पुढचा एक मुलगा रिसीव्हर धरून तसाच उभा होता आणि शेवटी न बोलता बाजूला झाला. परत आल्यावर मी एक वही आणली, तिच्यावर 'महत्त्वाचे फोन' असे लिहिले आणि आत काहीही लिहिले नाही.

असो. आत्याच्या फोनकडे वळतो. शनिवारी सकाळी मी तो घेऊन लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका बोळातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान कसले, एक टपरीच. पंचविशीतला मुलगा, डोळ्याला भिंग लावलेले. त्याने फोन फिरवून पाहिला आणि मला जे सांगितले, ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे.

तो म्हणाला, "काका, स्क्रीन फुटली म्हणजे तीनपैकी काहीतरी होतं. नुसती वरची काच फुटते, तेव्हा फोन चालतो. टच जातो, पण दिसतं सगळं. तेव्हा एक छोटी ओटीजी केबल लावून कॉम्प्युटरचा माऊस जोडायचा, बाण दिसतो, काम होतं. तिसरं म्हणजे डिस्प्लेच जातो. तुमचा तो गेलाय. दिसतच नाही, तर माऊस कुठे फिरवणार? काही महागड्या फोनला वायर लावून टीव्हीवर चित्र आणता येतं. हा त्यातला नाही."

"पण आतले नंबर?"

"आतलं सगळं शाबूत आहे. मेमरी मागच्या बोर्डावर असते, काचेत नाही. काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला असतो, त्याला आम्ही फोल्डर म्हणतो. नवा फोल्डर लावला की सगळं दिसेल. तुमच्या मॉडेलचा सोमवारी येईल."

सोमवार! मी विचारले, मेमरी काढून दुसरीकडे वाचता येणार नाही का? तो हसला. पूर्वी असे उद्योग चालत. पण २०१४-१५ पासून फोन बनवणाऱ्यांनी आतला मजकूर कुलूपबंद करायला सुरुवात केली. आता बहुतेक फोनमधली माहिती सांकेतिक रूपात लिहिलेली असते आणि तिची किल्ली त्या फोनच्याच चिपमध्ये आणि आपण घालतो त्या पिनमध्ये असते. मेमरी उपटून नेली तर हाती लागेल ती अर्थहीन आकड्यांची रास. चोरासाठी केलेली ही सोय आहे, पण कुलपाला चोर आणि भाचा यांतला फरक कळत नाही. "आजींची पिन माहीत आहे ना?" त्याने विचारले. मला माहीत नव्हती. "ती मात्र विचारून ठेवा," तो म्हणाला. "फोल्डर मी देईन, पिन मी देऊ शकत नाही."

त्याने आणखी एक सल्ला दिला. सिम काढा आणि तुमच्या जुन्या हँडसेटमध्ये घाला. कारण येणारा फोन सिमवर येतो, हँडसेटवर नाही. नागपूरचा फोन रविवारी येणारच असेल, तर तो तिथे वाजेल आणि नंबरही दिसेल. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी सिम घातले. त्यात एकतीस नावे निघाली, आत्याच्या जुन्या बटणांच्या फोनच्या काळातली. त्यात 'नागपूर'ही होते! मोठ्या आशेने लावला. नंबर ०७१२ ने सुरू होणारा, म्हणजे घरातल्या फोनचा. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असे बाई म्हणाली. आठवले, मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी घर बदलले होते. आत्याच्या डायरीत पत्ता होता, तोही जुन्याच घराचा.

मग इंटरनेटवरचे खाते. ते माझ्या मुलाने कधीतरी उघडून दिले होते. पासवर्ड कोणाला आठवत नव्हता. तो बदलायचा तर मोबाइलवर संदेश येणार. सिम आता माझ्याकडे होते म्हणून तो संदेश मला मिळाला. ते फुटक्या फोनमध्येच असते, तर संदेश त्या काळोखातच येऊन पडला असता. खाते उघडले, तर आत पाच नावे. बाकीची सगळी नावे आत्याने 'फोनमध्ये ठेवा' असे म्हणून ठेवली होती. तीन ठिकाणांपैकी दोन रिकामी निघाली. मैत्रिणीकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तिचा नंबर सापडेल, अशीही आशा नव्हती.

राहिला रविवार. सकाळी पावणेनऊपासून मी आत्याच्या खाटेशी जुना हँडसेट हातात धरून बसलो. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. साडेनऊ. फोन आला तो एका बँकेच्या कर्जाचा. आत्या काही बोलली नाही, पण तिचे डोळे त्या हँडसेटवरून हलेनात. तोवर काळजी होती ती आपला निरोप नागपूरला पोचवण्याची. आता वेगळीच काळजी सुरू झाली. करार असा होता की फोन आला नाही तर हालचाल करायची. आणि हालचाल करायला आमच्याजवळ काहीच नव्हते. अडतीस वर्षे लोकांना जोडून देणारी बाई पडल्या पडल्या म्हणाली, "एकशे सत्त्याण्णव लावून बघ रे." चौकशीचा तो नंबर आमच्या पिढीपर्यंत सर्वांना ठाऊक होता. पण मोबाइलच्या नंबरांची डिरेक्टरी आपल्याकडे कधी छापलीच गेली नाही. चौकशी करायची कोणाकडे?

सोमवारी दुपारी दुकानातून निरोप आला, फोल्डर आला आहे. मी आत्याला पिन विचारली. तीन दिवस औषधांच्या गुंगीत तिला ती सांगता आली नव्हती. त्या दिवशी तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी खुळाच आहे. म्हणाली, "आपल्या वाड्यातला नंबर."

सहा आकडी पी. पी. नंबर! मालकीणबाईंच्या जिन्यातला. मी दुकानात उभा राहून एकेक आकडा दाबला आणि फोन उघडला. जो टेलिफोन कधीच निकालात निघाला, ज्या वाड्याची वीटही शिल्लक नाही, त्याचा नंबर किल्ली म्हणून उपयोगी पडला. रोज बोटांनी फिरवला की बसतो तो.

यादीत मी मैत्रिणीचे नाव शोधले. नाही. आडनाव शोधले. नाही. मग डोक्यात प्रकाश पडला आणि 'न' वर गेलो. तिथे होते, 'नागपूर'. खाली दहा आकडे.

दुकानाच्या पायरीवरूनच फोन लावला. तीन-चारदा वाजला आणि पलीकडून घाईघाईने आवाज आला, "पुणे? अगं, कुठे होतीस तू?"

झाले होते ते असे. तिच्या फोनचे रिचार्ज शनिवारी संपले होते. येणारे फोन चालू, जाणारे बंद. भाची परगावी गेलेली, रिचार्ज कोण करणार? रविवारी तिला फोन करता आला नाही. आता करारानुसार पुण्याहून हालचाल होईल म्हणून ती फोन मांडीवर घेऊन बसली होती. दिवस गेला, रात्र गेली, पुणे काही बोलेना. तेव्हा तीही समजून चुकली की पुण्याचेच काहीतरी बिघडले आहे. शेजाऱ्यांच्या फोनवरून लावायचे तर आत्याचा नंबर तिलाही पाठ नव्हता. तो तिच्या फोनमधून पाहून लिहून घ्यायला चाळिशीचा चष्मा हवा, आणि तो सापडत नव्हता. दोन ऑपरेटर, चोवीस तासांहून अधिक काळ, लाइनीच्या दोन टोकांना बसून होत्या. मध्ये जोडून देणारे कोणी नव्हते.

ही हकीगत मी सांगितली ती जुने ते सोने म्हणायला नव्हे. मला डायरीचा काळ परत नको आहे. डायरी पावसात भिजत असे, पाने फाटत आणि वाडा बदलला की हरवतही असे. एक्स्चेंजमधल्या चौघांना गोवर होऊ शकत असे. प्रत्येक साठवणीला तिचा तिचा आजार आहे. आपल्या पूर्वजांना हे कळले होते, असे मला वाटते. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलेल्यांना माहीत आहे, तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे लिहिलेली असतात. घरातली वंशावळ वाळवीने खाल्ली तरी दूरच्या गावी तिची दुसरी प्रत असते. आज इंटरनेटवरचे खाते तेच काम करू शकते. पण वहीत नाव आपोआप येत नाही, तिथे जाऊन ते लिहून घ्यावे लागते. आमच्या आत्याच्या खात्यात पाचच नावे होती, तो दोष खात्याचा नव्हता.

तेव्हा दुरुस्तीवाल्या मुलाने सांगितलेले आणि मी अनुभवलेले थोडक्यात सांगतो. आपल्या फोनमधली नावे कुठे साठतात ते आजच एकदा उघडून पाहा, आणि ती फोनच्याच पोटात असतील तर खात्यात उतरवून घ्या. पडदा फुटला तर घाबरून फोन पुसून कोरा करण्याच्या भानगडीत पडू नका, तो चार्जिंगला लावून ठेवा, आतले शाबूत असते. सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घाला, म्हणजे येणारे फोन आणि संदेश मिळत राहतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पिन त्यांच्या संमतीने एका विश्वासाच्या माणसाला ठाऊक असू द्या. आणि पाच माणसांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. मी २००५ साली आणलेली ती वही परवा शोधून काढली. आता तिच्यात बारा नंबर आहेत.

आत्या हळूहळू काठी घेऊन चालू लागली आहे. नवा फोल्डर बसवलेला फोन तिच्याकडेच आहे, पण नागपूरला फोन करताना ती यादी उघडत नाही. दर रविवारी नऊला खुर्चीत बसते, चष्मा लावते आणि दहाही आकडे मोठ्याने म्हणत एकेक दाबते. ऑपरेटर म्हणत तसे, दोन-दोन, तीन-तीनच्या तुकड्यांत. पुढच्या आठवड्याची पाळी नागपूरची असली तरी आता दोघीही लावून पाहतात. त्यामुळे पुष्कळदा लाइन एंगेज लागते. तेवढे चालायचेच, असे आत्या म्हणते.